प्रून बेलीचे निदान झालेल्या बाळाच्या आईस

ताई, बाळाच्या पोटावरच्या सुरकुत्यांवरून तुमची नजर हटत नसेल, हे मी जाणते. पण सुरुवातीला जपायची असतात ती मूत्रपिंडे. पोटाचे स्नायू जन्मतःच दुबळे असण्याचा हा विकार बहुतांशी मुलग्यांमध्येच आढळतो आणि त्यात मूत्रमार्ग रुंदावलेला असल्याने लघवी साचून वारंवार संसर्ग होतो.

ताप आला की तो हवाबदलाचा समजून घरीच औषध देत बसणे, ही चूक आम्ही कळव्यात आमच्या बाळाच्या पहिल्याच पावसाळ्यात केली. तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यात कोणते जंतू वाढतात ते पाहण्याच्या तपासणीसाठी, द्या. रोजचे प्रतिबंधक औषध बाळ हसते-खेळते दिसले तरी स्वतःहून बंद करू नका.

क्रिएटिनीन म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारी रक्ततपासणी; तिच्या एका आकड्याने घाबरू नका. सगळे अहवाल तारखेनुसार लावून आकडा चढतो की उतरतो, ते पाहा. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आजही त्या आकड्यांची पेन्सिलीची ओळ आहे.

पोटाचे स्नायू दुबळे असल्याने खोकला जोराने येत नाही, म्हणून साधी सर्दीही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटातून खाली न उतरलेल्या वृषणांच्या शस्त्रक्रियेची वेळ पहिल्या वर्षातच विचारून ठेवा. पोटावरच्या शस्त्रक्रियेचा विचार तूर्त बाजूला राहू द्या.