शनिवारी संध्याकाळी डोळ्यापुढं माशा उडायला लागल्या, सोमवारपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, आम्ही तासगावजवळ खेड्यात राहतो. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वय ६३, एसटीत कंडक्टर होते आता द्राक्षबाग बघतात. तीन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एकदम व्यवस्थित दिसत होतं. गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी बागेतून आले आणि म्हणाले उजव्या डोळ्यापुढं काळ्या माशा उडायल्यात, आणि अंधारात कडेला वीज चमकल्यागत होतंय. दुखत नव्हतं, लाल पण नव्हता. नेहमीच्या डोळ्याच्या दवाखान्यात फोन केला तर सोमवारी अकराची वेळ दिली, मग मेडिकलमधून थेंब आणले आणि घातले. रविवारी दुपारी जेवताना म्हणाले ताटाचा खालचा भाग दिसेना, खालून काळी सावली वर यायलीय. तरी आम्ही म्हटलं उद्या सकाळी जायचंच आहे की. सोमवारी गेलो तर पडदा सुटलाय म्हणाले, मंगळवारी ऑपरेशन केलं, आत गॅस भरलाय आणि पालथं झोपायला सांगितलंय. आता फक्त हाताची बोटं मोजता येतात. आई म्हणते आपण थांबलो म्हणून झालं. खरंच आमचं चुकलं का, आणि शनिवारी आम्ही काय करायला पाहिजे होतं? दिसेल का परत?

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा की दुखत नाही म्हटल्यावर कुणीही थांबतं, तुमच्याच घरात असं झालं असं नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला दुखणं कळतच नाही हो, त्याला फक्त उजेड कळतो. त्यामुळं त्याला कुणी ओढलं, फाडलं तरी तो 'दुखतंय' म्हणत नाही, तो उजेडच दाखवतो. तात्यांना जी वीज चमकत होती ना ती पडद्याची हाक होती. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून माणसं थांबतात, आणि मला पेशंटवर कधी राग येत नाही, राग येतो तो हे सगळीकडं सांगितलं जात नाही याचा.

आत काय झालं ते सांगते. डोळ्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा एक पदार्थ भरलेला असतो, पन्नाशी-साठीनंतर तो पातळ होऊन पडद्यापासून सुटायला लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा लहानपणापासून जाड उणे नंबरचा चष्मा असेल तर हे जरा लवकर होतं. बहुतेकांचं नुसतं सुटतं, चार माशा दिसतात आणि पुढं सवय होऊन जाते. पण काहींचा पडदा त्या ओढीनं फाटतो. अशी लक्षणं अचानक आलेल्या १०० जणांत साधारण १० ते १५ जणांना फाट सापडते. नुसती फाट असेल तर लेझरनं तिच्या कडेनं टाके घातल्यासारखं करता येतं, बाहेरच्या बाहेर, त्याच दिवशी घरी. ती राहिली तर त्यातून पाणी पडद्याच्या मागं शिरतं. सांगलीत पूर येऊन गेला की भिंतीला ओल धरून गिलावा कसा फुगून सुटत येतो, २०१९ ला आपण सगळ्यांनी बघितलंय, अगदी तसंच. आणि खालून सावली दिसते तेव्हा पडदा वरून सुटत असतो, वरचं पाणी खाली उतरणारच, त्यामुळं तो मधल्या भागापर्यंत लवकर पोचतो. मधला भाग म्हणजे मॅक्युला, ज्यानं आपण वाचतो, माणूस ओळखतो. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर खूप चांगली राहते, सुटल्यावर झालं तर पडदा बसतो पण नजर पहिल्यासारखी येईलच असं नाही. म्हणून शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हा वेळ फार मोलाचा असतो.

आता शनिवारी काय करायचं होतं. पहिलं म्हणजे एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो आणि बिघाड कळत नाही. तारखा दिसतात का, चारी कोपरे दिसतात का, ओळी वाकड्या दिसतात का, आणि किती वाजता बघितलं ते लिहून ठेवायचं.

दुसरं फोनवर काय बोलायचं. इथं खरी गडबड होते बघा. आपण म्हणतो 'डोळ्याला जरा त्रास होतोय', पलीकडची मुलगी वही बघते आणि सोमवारची वेळ देते, तिचा तरी काय दोष, तिला काय कळणार. त्याऐवजी असं म्हणा : 'कालपर्यंत काही नव्हतं, आज संध्याकाळी पाच वाजता अचानक उजव्या डोळ्यात माशा आणि चमक सुरू झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, आज बाहुली मोठी करून पडदा कोण बघेल?' अचानक, एका डोळ्यात आणि पडदा हे शब्द आले की ती डॉक्टरला विचारते. डॉक्टर गावाला गेले असतील तर कुणाकडं जाऊ तेवढं तरी विचारून घ्या, फोन तसाच ठेवू नका.

आणि कुणीच मिळालं नाही तर सरळ निघायचं. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचं आहे, त्याला जोडलेला मिरजेचा दवाखाना आहे आणि सांगलीचा वसंतदादा पाटील रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल. सांगली-मिरज रस्त्यावर भारती हॉस्पिटल आहे. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कॅज्युअल्टी रविवारी पण चालू असते, तिथं डोळ्याचा विभाग असतो, केसपेपर काढताना 'ऑन-कॉल डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवा' असं स्पष्ट सांगायचं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर टॉर्चनं बघून डोळा चांगला आहे म्हणाला तरी लगेच उठू नका, पडदा टॉर्चनं दिसत नाही, बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच दिसतो. पडद्याचं ऑपरेशन करणारे सर्जन रविवारी तिथं नसले तरी फाट आहे की नाही, कुठं पाठवायचं, किती घाई आहे हे तर ठरतं. जाताना मोतीबिंदूचे कागद, शुगर-बीपीच्या गोळ्या घ्या, गाडी दुसऱ्यानं चालवायची कारण थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं. जेवण झालं असेल तर किती वाजता झालं ते सांगा, ऑपरेशन ठरलं तर भूल देणारे विचारतात. आणि मेडिकलमधले थेंब अजिबात नकोत, पडद्यापर्यंत ते पोचत नाहीत, उलट त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्याला उसाचं पातं लागलेलं असलं तर बुरशीचं इन्फेक्शन वाढून बुबुळ जातं, आपल्या भागात हे मी फार बघते.

अशा शंभरातल्या पंचाऐंशी-नव्वद जणांना आम्ही 'काही नाही, घरी जा, पुढच्या महिन्यात परत दाखवा' म्हणूनच पाठवतो. तेव्हा रविवारी उगीच आलो असं वाटून घेऊ नका, मला तरी 'काही नाही' असं सांगायला आवडतं.

अजून दोन गोष्टी यातच सांगून टाकते. एका डोळ्याला एका झटक्यात पूर्ण अंधार आला आणि दुखत नाही, तर तो डोळ्याचा पॅरालिसिस समजा, म्हणजे रक्तवाहिनी बंद पडलीय. तिथं डोळ्याचा दवाखाना शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेली मोठी कॅज्युअल्टी, साडेचार तासांच्या आत. दहा मिनिटांत परत दिसायला लागलं तरीही जायचं, ती पुढच्या पॅरालिसिसच्या झटक्याची सूचना असू शकते. दुसरं, डोळा लाल, डोकं ठणकतंय, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी. हा काचबिंदूचा झटका, डोळ्याचा प्रेशर साधारण १० ते २१ असतो तो ५० च्या पुढं जातो. माझ्याकडं एक आजी आल्या होत्या, रविवारभर त्यांना पित्ताच्या गोळ्या चालू होत्या, उलट्या होतायत म्हणून. डोळ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

तात्यांचं आता. नजर काही महिने हळूहळू सुधारत राहते, बोटं मोजता येतात म्हणून नाराज होऊ नका, पण पूर्वीइतकी येईल असं मी खोटं सांगणार नाही. पालथं झोपणं डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस नेटानं करू द्या, मान दुखते, माणूस चिडतो, कुणीतरी शेजारी बसून पेपर वाचून दाखवा. गॅस पूर्ण जाईपर्यंत विमान नाही, महाबळेश्वरसारख्या उंचावर जायचं असेल तर आधी सर्जनला विचारा, हवा विरळ झाली की आतला गॅस फुगतो. आणि डाव्या डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून बघून घेतला का? घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्या. खर्चाचं बघताना दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जाऊन महात्मा फुले योजनेत बसतं का तेही विचारा.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेहून लिहितेय. आमच्या मिस्टरांची तंबाखूच्या चुन्याची ट्यूब चार वर्षांच्या पोरानं दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, रविवार होता. मी लगेच नळाखाली दोन मिनिटं धुतलं आणि दवाखान्यात नेलं, तिथं त्यांनी परत अर्धा तास पाणी घातलं, पोरगं रडून रडून निळं झालं. आम्ही धुतलंच होतं मग परत का?

उत्तर : तुम्ही नळाखाली धरलंत तेच सगळ्यात मोठं काम झालं, बरीच माणसं तूप नाहीतर दूध घालतात नाहीतर डोळा बांधून आणतात. चुना अल्कली असतो, तो वरवर थांबत नाही, आत आत झिरपत जातो, आणि त्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात, ते विरघळत राहतात. म्हणून पापणी उलटी करून कण ओल्या कापसानं काढतात आणि पाणी चालूच ठेवतात, मधेमधे अल्कली किती उरलीय ते दाखवणारी कागदाची पट्टी लावून बघतात आणि आकडा ७ च्या आसपास येऊन टिकला की मगच थांबतात. पुढच्या तपासण्या चुकवू नका, आणि ती ट्यूब मिस्टरांना खिशातच ठेवायला सांगा, फळीवर पण नको.