पडदा शाबूत, तरी शब्द का कळत नाहीत?

प्रश्न : माझ्या वडिलांनी हर्णै बंदरातील मासेमारी लाँचवर इंजिन ड्रायव्हर म्हणून उभी हयात काढली. आता ‘आवाज येतो, पण काय बोलता ते कळत नाही’ असे ते म्हणतात आणि जोरात बोलले तर ‘ओरडता कशाला?’ म्हणून चिडतात. डॉक्टरांच्या मते कानाचा पडदा शाबूत आहे. मग बिघाड कोठे आहे? कानात कोमट खोबरेल तेल घालत राहावे का?
– एक वाचक, तालुका दापोली

उत्तर : तेल आजच थांबवावे, ते पडद्याच्या अलीकडेच राहते आणि आपल्या वडिलांचा बिघाड बहुधा पडद्याच्या बराच पलीकडे आहे.

हवेतील ध्वनिलहरींनी पडदा कंप पावतो. हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे तो कंप अंतर्कर्णाच्या लंबगोल खिडकीपर्यंत नेतात. ही खिडकी पडद्याच्या सुमारे सतरापट लहान असल्याने तेथील दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि तो वाढला नाही तर हवेतून आलेला बहुतेक ध्वनी आतील द्रवावर आपटून परत फिरेल. त्या पलीकडे सुमारे अडीच वेढ्यांची शंखाकृती नळी आहे. तिच्यातील पातळ पटलावर केशपेशींच्या ओळी असतात. त्यांवरील सूक्ष्म तंतू वाकले की विद्युत्संकेत निर्माण होऊन श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे जातो. या नळीच्या तोंडाशी उंच पट्टीचे स्वर टिपले जातात, तर टोकाशी खर्जाचे. पटलावर लहर कशी सरकते हे दाखवणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंजिनाच्या सततच्या घरघरीने या केशपेशी मरतात आणि मानवात त्या पुन्हा उगवत नाहीत. विशेष म्हणजे पहिला घाव खर्जावर नव्हे, तर ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यावर पडतो. कर्णमार्गाची लांबीच अशी आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यात अधिक बळावतो. ‘साप’, ‘ताप’ आणि ‘काप’ यांतला ‘आ’ खालच्या पट्टीत असल्याने नीट ऐकू येतो, पण त्यांना वेगळे करणारी व्यंजने वरच्या पट्टीवर विसंबून असतात. शब्द न कळता आवाज मात्र येण्याचे कारण हेच.

चिडण्यालाही शारीरिक कारण आहे, तेव्हा तो स्वभावदोष मानू नये. बाहेरील ओळींतील केशपेशी हळू आवाज वाढवून देतात. त्या गेल्या की हळू बोलणे ऐकूच येत नाही, मात्र मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा, कधी असह्यही वाटतो. म्हणून समोर बसून, थोडे सावकाश आणि स्पष्ट बोलावे.

हवेतून व हाडातून अशा दोन्ही मार्गांनी श्रवणचाचणी करून घ्यावी. दोन्ही आलेख सारखेच घसरलेले असतील तर दोष अंतर्कर्णाचा किंवा चेतेचा ठरतो. श्रवणयंत्रही त्या आलेखानुसारच जुळवून घ्यावे, कारण सरसकट सगळे आवाज वाढवणारे स्वस्त यंत्र त्यांना आणखी त्रास देईल. घरातील कोणी आज इंजिनाजवळ काम करत असेल तर त्याला कान झाकणारी संरक्षक साधने घेऊन द्यावीत. कापसाच्या बोळ्याने पुरेसे संरक्षण मिळत नाही.