मे महिन्यात कसारा घाट चढताना
मित्रा, पहिलीच गाडी आणि भर उन्हाळ्यात कसारा घाट, म्हणून कळकळीनं सांगतो. सकाळी इंजिन थंड असतानाच बॉनेट उघड, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी त्याच्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना बघ. नळाचं पाणी ओतू नकोस, त्यातले क्षार रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या, बारीक नळ्यांत बसतात. चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकला तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल सोड. घामाघूम होशील, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर कडेला थांबून इंजिन बंद कर. रेडिएटरच्या झाकणाला मात्र गाडी पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही! मी एकदा घाई केली, उकळतं पाणी मनगटावर उडालं. डाग अजून आहे.