मे महिन्यात तिकडे पळू नका, सप्टेंबरपर्यंत थांबा

प्रश्न : भाऊ, राम राम. मुलगा आणि सून नॉर्वेत ट्रॉम्सोला आहेत. आम्ही दोघं साठीच्या पुढे, पण रोज चालतो. जळगावचं मे महिन्याचं ऊन आता सोसवत नाही, म्हणून मेमध्येच तिकडे जावं म्हणतोय. मुलगा म्हणतो डोंगर चढायला नेतो. जमेल का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : जमेल, पण मेमध्ये नको.

ऊन टाळायला मे हे आपलं गणित, तिकडच्या डोंगराचं नाही. मेमध्ये तिथे खाली शहरात बर्फ वितळत असतो आणि वर डोंगरावर अजून भरपूर असतो, तोही कडक नाही, दुपारनंतर मऊ पडलेला, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. खालच्या वाटांवर नुसता चिखल. घरात बसून खिडकीतून डोंगर बघायचे असतील तर खुशाल जा, चालायचं असेल तर तिकीट ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचं काढा. मुलाला सुट्टी जुलैतच मिळते म्हणाल तर जुलैही चालेल, वाटा बऱ्यापैकी मोकळ्या झालेल्या असतात, पण डास फार, दलदलीच्या बाजूने गेलात तर आपले पावसाळ्यातले डास बरे वाटतील.

एक गंमत सांगतो. जळगाव साधारण २१ अंश उत्तरेला, ट्रॉम्सो साडे-एकोणसत्तरच्या जरा वर, दोघांची बेरीज जवळपास नव्वद. त्यामुळे मेअखेरीस ज्या सुमाराला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते, त्याच सुमाराला तिकडे तो मध्यरात्री क्षितिजाला टेकतो आणि न मावळताच परत वर चढायला लागतो. ट्रॉम्सोचा मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० मे ते २२ जुलै, आणि आपल्याकडे सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तोही जुलैच्या मध्याला. म्हणजे तोच सूर्य, आपल्याला भाजतो तेव्हा त्यांना झोपू देत नाही. जुलैत गेलात तर डोळ्यावर बांधायची पट्टी न्या, गंमत नाही करत, दोन-तीन रात्री झोप झाली नाही की डोंगर काय, जिना चढवत नाही.

सप्टेंबर का म्हणतो तर तिथला ऋतू तेव्हा रोज डोळ्यांदेखत बदलतो. दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी लहान होतो, आपल्याकडे त्या दिवसांत जेमतेम मिनिटभराचा फरक पडतो, आपल्याला कळतही नाही. भूर्जाची झाडं पिवळी होतात, पण खरा रंग पायाखाली असतो. भूर्जाचीच एक बुटकी जात आहे, घोट्या-गुडघ्याएवढं झुडूप, पान करंगळीच्या नखाएवढं, गोल, कडेला बारीक दाते, आणि ते असं लालभडक होतं की अख्खा डोंगरउतार पेटल्यासारखा दिसतो, मध्ये मध्ये ब्लूबेरीची काळपट निळी फळं, वाकून तोडायची आणि खायची, कोणी काही म्हणत नाही. आपला सागही पानं गाळतो पण तो उन्हाळ्यात, पाणी वाचवायला. तिकडे थंडी आणि कमी होणारा उजेड यामुळे पानातला हिरवा रंग मोडतो, मग आतला पिवळा दिसायला लागतो, लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. शिवाय रात्री पुन्हा काळोख पडायला लागलेला असतो, आभाळ मोकळं मिळालं तर उत्तरेचा प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) दिसेल, जो जुलैत काही केल्या दिसत नाही, कारण अंधारच नसतो.

आता चढाईचं. शहरासमोरच एक डोंगर आहे, त्यावर नेपाळच्या शेर्पा लोकांनी दगडी पायऱ्या रचल्यात, बाराशेच्या आसपास, वर ४२१ मीटरवर केबलकारचं स्टेशन. पायऱ्यांनी चढा आणि केबलकारने उतरा, उलटं करू नका, साठीनंतर गुडघे उतरतानाच बोंबलतात. ४२१ मीटर ऐकून हसू नका. आपल्या तोरणमाळला हजार मीटरच्या वरही गर्द झाडी आहे, तिकडे तीन-चारशे मीटरवरच झाडं संपतात, पुढे उघडा दगड आणि समुद्रावरून येणारा वारा, आडोसा म्हणून काही नाही. म्हणून तिथे डोंगर मीटरवर मोजायचा नाही, उजेड किती तास आहे आणि वारा किती आहे त्यावर ठरवायचं. सकाळी फोनवर नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर नावाचं ॲप बघायचं, वारा जास्त दाखवत असेल तर त्या दिवशी म्युझियम. मुलाने हट्ट केला तरी.

आणि काका, सुती बनियन घालून डोंगरावर जाऊ नका. सुती कापड घाम धरून ठेवतं, थांबलात की अंगावर गार पडतं. आत लोकरीचं पातळ, मध्ये स्वेटर, वरून पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. काकूंनाही तेच, साडीवर जॅकेट हा फोटोपुरता प्रकार ठीक आहे, ओल्या वाटेवर नाही.

प्रश्न : स्वीडनमधला कुंगस्लेडेन ट्रेक एकट्याने करायचाय. सह्याद्रीतले बरेच किल्ले झालेत. कठीण आहे का? – शिरपूर

उत्तर : पूर्ण वाट ४०० किलोमीटरच्या वर आहे, तिच्या मागे लागू नकोस. आबिस्को ते निक्कालुओक्ता हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा कर, आठवडाभर धर. सगळ्यात उंच खिंड चेक्त्या, साधारण ११५० मीटर, म्हणजे जवळपास आपलं तोरणमाळच, त्यामुळे दम लागण्याची भीती नाही. त्रास होतो तो पाठीवरच्या ओझ्याचा आणि ओल्या बुटांचा. दलदलीवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, पावसात त्या शेवाळासारख्या निसरड्या होतात. वाटेत मुक्कामाच्या झोपड्या आहेत, त्या साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बंद होतात, तारखा आधी बघ. तंबू जवळपास कुठेही लावता येतो, पण आबिस्को नॅशनल पार्कच्या आत ठरलेल्या जागीच. रेनडिअरचा कळप दिसला तर फोटोसाठी मागे पळू नकोस, ती सामी लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, जनावरं आहेत, मोकळी दिसली तरी मालकीची. सामी लोक वर्षाचे आठ ऋतू मानतात आणि ते याच जनावरांच्या कामावरून पडलेत, पिलं कधी होतात, कळप कधी हलवायचा यावरून. आपल्याकडे सहा ऋतू कॅलेंडरात आणि तीन व्यवहारात, त्यांचे आठही व्यवहारातले.

एकट्याने जायचं तर जा, पण रोज रात्री कुठे पोचणार ते कुणालातरी सांगून ठेव. बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

प्रश्न : नंदुरबारात राहून तिकडच्या चढाईची तयारी कशी करू? – नंदुरबार

उत्तर : तुमच्या जिल्ह्यात सातपुडा असताना जिम कशाला. तोरणमाळ, नाहीतर दिवाळीत अस्तंब्याची यात्रा चालत करा, लोक रात्रभर चढतात. धुळ्याकडे येणं होत असेल तर हायवेवरूनच दिसणारा लळिंगचा किल्ला आठवड्यातून एकदा, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून. नवे बूट इथेच घालून झिजवा. थंडीची सवय मात्र इथे होत नाही, तो विचार सोडा.

प्रश्न : खायला काय न्यायचं? – भुसावळ

उत्तर : तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. दशम्या न्यायच्या असतील तर दुधात न मळता तेल-पाण्यात मळा, चार-पाच दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या, तिकडच्या ब्रेडबरोबरही चालते.