‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे नेमकं काय? चंद्र खरंच निळा होतो का?

अर्थ सोपा आहे: फार क्वचित, सटीसामाशी. ‘ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे त्याचा फोन कधी नव्हे तो येतो. गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, पण मध्ये मोठा खंड पडतो, अशा ठिकाणी हा इंग्रजी वाक्प्रचार शोभतो. आयुष्यात एकदाच येणाऱ्या संधीला मात्र लावू नका, तिथे ‘वन्स इन अ लाइफटाइम’. ही गल्लत मला बऱ्याच जणांच्या बोलण्यात दिसते. शिवाय हा गप्पांमधला वाक्प्रचार आहे. ऑफिसच्या अहवालात साधं ‘रेअरली’ लिहिलेलं बरं.

आता चंद्राचं. तो निळा दिसू शकतो. हवेतले धुराचे किंवा राखेचे कण तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा किंचित मोठे आणि बरेचसे एकाच आकाराचे असले, की तांबडा रंग विखुरतो आणि निळसर उरतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर असं झालं होतं. १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा ब्रिटनमध्येही लोकांनी निळा चंद्र पाहिला.

बातम्यांमधला ‘ब्लू मून’ वेगळाच. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ते नाव देतात. ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकन खगोल-मासिकातल्या चुकीमुळे रूढ झाली. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना. त्या रात्री चंद्र नेहमीच्याच रंगाचा असतो, व्हॉट्सअॅपवरचे निळेशार फोटो रंगवलेले.

गंमत म्हणजे यामागचा हिशेब आपल्या पंचांगातलाच आहे. बारा चांद्रमास भरतात साधारण ३५४ दिवसांत, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवस कमी. ही तूट साचून आपल्याकडे धोंड्याचा महिना येतो आणि तिकडे जादा पौर्णिमा. दोन्ही १९ वर्षांत साधारण सात वेळा. म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांनी एकदा, वाक्प्रचार सुचवतो तितकं दुर्मीळ नाहीच!

दोन्ही एकाच वेळी येतील असं मात्र नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावणातली पौर्णिमा ऑगस्टच्या सुरुवातीलाच झाली आणि ब्लू मून ठरली महिनाअखेरची नारळी पौर्णिमा. २०२६ मध्ये मे महिन्यात १ आणि ३१ तारखेला पौर्णिमा, त्यातली दुसरी थेट अधिक ज्येष्ठातली.