टर्बो परत परत का जातो? : वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : दादा, माझी सेकंडहँड ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. वर्षात दोन टर्बो बदलून झाले, दुसरा तर चार हजार किलोमीटर पण नाही चालला. मिस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला. तिसरा आणू का? (सातारा)

उत्तर : थांब, तिसरा आत्ता अजिबात आणू नकोस. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, तो आपणहून फार क्वचित मरतो, त्याला कोणीतरी मारतं, आणि दोनदा गेला म्हणजे मारणारा अजून गाडीतच बसलाय. टर्बोचा शाफ्ट लाख-दीड लाख आरपीएमनं फिरतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्या वेगात थोडा वेळ जरी ऑईल नाही मिळालं तरी बेअरिंग खरवडलंच म्हणून समज. त्यामुळे पहिला संशय ऑईल फीड पाईपवर घे. तो साफ करून परत लावायचा नाही, नवाच टाकायचा, आणि बँजो बोल्टची (ऑईल ज्याच्या आतून जातं त्या पोकळ बोल्टची) भोकं उजेडात धरून आरपार बघायची. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अशीच दोन टर्बो खाल्लेली एक गाडी आली होती, बोल्टच्या भोकात टाचणी घातली तर मुगाच्या डाळीएवढा लाल सिलिकॉनचा तुकडा बाहेर आला. आधी कोणीतरी ऑईल संप (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) बसवताना गॅस्केट पेस्ट चोपडली होती, जास्तीची आत गळून ऑईलबरोबर फिरत फिरत तिथे येऊन अडकली.

मग रिटर्न पाईप बघ. वरून ऑईल प्रेशरनं येतं पण खाली ते नुसतं उतारानं जातं, त्यामुळे पाईप चेपला असेल किंवा पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) फाटून क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या पोटात, प्रेशर साठत असेल तर ऑईल खाली उतरतच नाही, सीलमधून बाहेर येतं, निळा धूर निघतो आणि सगळे सीलला शिव्या देतात. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) पण उतरवून उलटा कर, जुन्या टर्बोचा अॅल्युमिनियमचा चुरा आत असेल तर तो थेट इंजिनात जाणार. हे सगळं झाल्यावरच नवा टर्बो. बसवताना फीडच्या भोकात ऑईल ओतून टर्बोचं चाक हातानं फिरव, फ्युएल पंपचा फ्यूज काढून ऑईलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल मार, मगच स्टार्ट कर आणि दोन मिनिटं रेस न देता तशीच चालू ठेव.

प्रश्न : २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, ८५ हजार रनिंग. स्टेज वन रीमॅप करायचाय, गाडी झेपेल ना? सोबत डाऊनपाईप पण टाकावा का? (इचलकरंजी)

उत्तर : रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सेटिंग बदलून ताकद वाढवणं. इंजिन झेपेल, पण ते आज कुठल्या अवस्थेत आहे ते आधी बघा. कंपनीनं १०५ पीएस आणि १७५ न्यूटनमीटर दिलंय, आणि मागे जो सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे त्याची मर्यादा २५० न्यूटनमीटर. म्हणजे जागा आहे, फार नाही. ट्यूनरला सांगा की टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम नको, २,५०० नंतर हळूहळू चढू दे, एवढ्यानं क्लच पण वाचतो आणि पिस्टन पण. छोट्या टर्बो इंजिनात १,५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये फुल अॅक्सिलरेटर दाबला की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं, त्या एका ठोक्यात सुद्धा रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते. म्हणून ऑईल एपीआय एसपी ग्रेडचं आणि सोबत मॅन्युअलमधल्या स्पेकचं पण असलेलं घ्या, आणि घाटात गिअर खाली टाकायला आळस करू नका.

रीमॅपच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट, नवे प्लग, आणि पाईपांमध्ये धूर सोडून हवेची गळती शोधा. हे डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे ते कधी धुतले जात नाहीत आणि ८५ हजारात त्यांच्यावर काळा थर जमलेला असू शकतो, तो अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीनं ब्लास्ट करून काढतात. मग स्टॉक मॅपवरच तिसऱ्या गिअरमध्ये फुल अॅक्सिलरेटरवर एक धाव (पुल) घेऊन ईसीयूमधल्या आकड्यांची नोंद (लॉग) काढा. एकच सिलिंडर पाच-सहा डिग्री स्पार्कचं टायमिंग मागे घेतोय आणि बाकीचे शांत आहेत असं दिसलं तर रीमॅप विसरा, आधी तो सिलिंडर का ठोकतोय ते शोधा. डाऊनपाईपसाठी (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाईपसाठी) कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका, ते बेकायदा आहे आणि मागून येणाऱ्यांच्या नाकात आपला धूर कशाला.

प्रश्न : १०० ऑक्टेन पेट्रोल टाकलं की पॉवर वाढते का? आणि ई२० मुळे रीमॅप केलेल्या गाडीला त्रास होतो का? (मडगाव)

उत्तर : ताई, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, नॉकिंग (मिश्रण आपणहून पेटून इंजिनात ठोके बसणं) सहन करायची क्षमता. मे महिन्यात एसी लावून घाट चढताना ईसीयू नॉकिंग ऐकून स्पार्क उशिरा देत असेल तर १०० ऑक्टेननं ती गेलेली पॉवर परत मिळते. त्याच्या वर काही मिळवायचं तर मॅपच त्या पेट्रोलवर केलेला हवा, आणि मग कायम तेच भरायचं. ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) म्हणाल तर, साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. क्रूझिंगला ईसीयू सांभाळून घेतो, पण जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप असेल तर फुल थ्रॉटलला मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडू शकतं आणि टर्बो गाडीत तिथेच पिस्टन वितळतात. वाइडबँड सेन्सरवर लँबडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघून मॅप तपासून घ्या, एका तासाचं काम आहे.

प्रश्न : मित्राबरोबर १.८ टीएसआय पूर्ण खोललीय, फोर्ज्ड पिस्टन आणि मोठा टर्बो टाकतोय. रिंगा कंपनीच्या गॅपवर तशाच बसवल्या तर चालतं का? (नाशिक)

उत्तर : नाही चालत रे! गॅप म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढला की रिंग जास्त तापते, तापली की लांब होते, दोन टोकं एकमेकांना भिडली की तिला जायला जागा उरत नाही, मग ती बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खरवडते नाहीतर पिस्टनची कड उचकटते. रिंग बोअरमध्ये टाक, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सरळ ढकल म्हणजे तिरकी राहणार नाही, आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाल. पाती थोडी घासत गेली पाहिजे, ढिली नाही, दाबून पण नाही. तुझं बोअर ८२.५ मिलिमीटर, जोरदार बूस्टवर वरच्या रिंगला साधारण ०.५० मिलिमीटर येतं, पण शेवटचा शब्द रिंगच्या डब्यातल्या कागदाचा. कमी असेल तर फाईल करायची, एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेनं, दोन-चार हात मारले की परत मोजायचं, आणि धार आलेली टोकं दगडावर हलकी मारायची. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायची आणि कागदावर लिहून ठेवायची. घाई करू नकोस, आम्हाला अजूनही चार सिलिंडरला अख्खी संध्याकाळ लागते.

अजून एक, २६१८ अलॉयचे (एका अॅल्युमिनियम मिश्रधातूचे) पिस्टन असतील तर थंड इंजिनाला टक-टक आवाज येईल, घाबरू नकोस, ते तापल्यावर जास्त फुगतात म्हणून पिस्टन आणि सिलिंडरमधला क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो, गरम झालं की आवाज जातो. गरम झाल्यावर पण राहिला तर मात्र इंजिन बंद कर आणि मला लिही.