'बायोडिग्रेडेबल' पिशवी कुजत नसेल तर कंपनीला नेमकं काय विचारायचं

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. बायोडिग्रेडेबल म्हणून घेतलेल्या कचऱ्याच्या पिशव्या कंपोस्टच्या ड्रममध्ये कित्येक महिने जशाच्या तशा, आणि कंपनी म्हणते तुमचंच कंपोस्ट नीट होत नसणार. सेम टु सेम मलाही ऐकवलं होतं. तेव्हा पहिलं म्हणजे दोष तुमचा आहे हे डोक्यातून काढा.

ओलं-सुकं, भुसा वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडते. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिण्याला काही अर्थ नसतो, किती तापमानाला आणि किती काळात ते सांगितलं नसेल तर. 'कंपोस्टेबल'ला निदान मोजमाप आहे. युरोपचं ईएन १३४३२ हे कंपोस्टेबल पॅकेजिंगचं स्टँडर्ड घ्या, त्यात १२ आठवड्यांनी २ मिलीमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरलेले चालत नाहीत. पण ते मोठ्या कंपोस्ट प्लांटचं गणित, तिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास तापलेला असतो, आपला ड्रम तेवढा कुठून तापणार! घरासाठी 'होम कंपोस्ट' असं वेगळं सर्टिफिकेशन असतं, ते शोधा. ऑक्सो-डिग्रेडेबल (म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक) दिसलं तर हातही लावू नका, त्याचा नुसता चुरा होतो, प्लास्टिक ते प्लास्टिकच. युरोपियन युनियनने २०२१ पासून ते विकायलाच बंदी केलीय.

आता माझा खरा राग कुठे आहे ते सांगते. नाव घेत नाही, पण मी ज्यांच्या पिशव्या घेतल्या होत्या त्या कंपनीत 'सस्टेनेबिलिटी' नावाचा स्वतंत्र विभाग होता. मी एकच प्रश्न विचारला होता, ही पिशवी कोणत्या स्टँडर्डला टेस्ट केलीय आणि सर्टिफिकेट नंबर काय. उत्तरात आलं 'आम्ही वसुंधरेसाठी कटिबद्ध आहोत' आणि सोबत हिरव्यागार पानांच्या फोटोंचा जाडजूड रिपोर्ट. पुन्हा विचारलं तर आयएसओ १४००१ चं सर्टिफिकेट पाठवलं. आता हे बघायला एकदम भारी दिसतं, शिक्का, सही, सगळं, पण ते कारखान्याच्या पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचं असतं हो, पिशवी कुजते की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही! स्वयंपाकघर स्वच्छ असल्याचा दाखला दाखवून आमटी चविष्ट आहे म्हणण्यातला प्रकार. मग खूप मागे लागल्यावर तिसरा कागद आला, तो कंपोस्टेबलचाच होता, पण कच्चा माल पुरवणाऱ्याच्या दाण्यांचा, म्हणजे ज्यापासून पिशवी बनवतात त्या मटेरियलचा. तयार पिशवीचा नाही. जाडी वाढली, शाई-रंग आला की तेच मटेरियल वेगळं वागतं, म्हणून तर सर्टिफिकेटवर जास्तीत जास्त जाडी लिहिलेली असते. हे मी त्यांना लिहिलं आणि तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' म्हणून बंद झाली, वर मलाच स्टार रेटिंग द्यायचा मेसेज. कंपनीच्या सेवेबद्दल तुमचा अनुभव कसा होता म्हणे!!

तर तुम्ही मेलमध्ये एवढंच मागा: तयार मालाचं सर्टिफिकेट, त्याचा नंबर, देणारी बाहेरची संस्था. नंबर त्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघा. फोनवर अजिबात बोलू नका, सगळं लेखी. आणि पाकिटाचा फोटो आणि प्रॉडक्ट पेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की वेबसाइटवरचा मजकूर गुपचूप बदलतो, माझ्या बाबतीत 'कंपोस्टेबल' जाऊन 'इको-फ्रेंडली' आलं होतं. गंमत म्हणजे आयएसओ १४०२१, जे स्वतःच स्वतःबद्दल केलेल्या दाव्यांसाठीचं स्टँडर्ड आहे, ते असले मोघम शब्द वापरूच नका म्हणतं.

थोडं विषयांतर, पण ते चकचकीत रिपोर्ट वाचणार असाल तर 'प्रति टन उत्पादन उत्सर्जन (म्हणजे हवेत सोडलेले कार्बन डायऑक्साइडसारखे वायू) घटलं' अशा वाक्याला भुलू नका, एकूण उत्सर्जन वाढलं की कमी झालं ते शोधा, उत्पादन दुप्पट केलं तर प्रति टन घटलं आणि एकूण वाढलं हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि स्कोप ३ आहे का बघा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कारभाराबाहेरचं, पुरवठादारांपासून ते आपण वस्तू वापरून टाकेपर्यंतचं उत्सर्जन. बऱ्याच धंद्यांत उत्सर्जनाचा मोठा वाटा तिथेच असतो आणि नेमकं तेच पान रिपोर्टमध्ये गायब.

मी काही या विषयातली एक्स्पर्ट नाही, वकील तर नाहीच, त्यामुळे ग्राहक तक्रारीचं कलम-बिलम मला विचारू नका. सगळ्याच कंपन्या चोर आहेत असंही म्हणणं नाही, एका छोट्या कंपनीने मला दोन ओळींत सरळ सांगितलं होतं की आमची पिशवी घरच्या ड्रममध्ये कुजणार नाही, आणि मी त्यांच्याकडूनच अजून घेते (दुसऱ्या कामासाठी). पण माझं स्पष्ट मत विचाराल तर ओल्या कचऱ्याला पिशवीच नको, डबा थेट ड्रममध्ये उलटा करा आणि धुवा, वास येतो म्हणणाऱ्यांनी तळाला रद्दी घालावी.

उरलेल्या पिशव्या सुक्या कचऱ्यासाठी वापरून संपवा. फक्त रिसायकलिंगच्या प्लास्टिकमध्ये त्या टाकू नका, साध्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या तर तो सगळा लॉट खराब होऊ शकतो.